प्रश्न कुणाला विचारता, बाई?

दिंडोरी तालुक्यातल्या एका शाळेत मी पाचवीला शिकवत होते. डी.एड.ची एक छात्राध्यापिका सरावासाठी वर्गात येऊन बसायची. तिला निरीक्षणवही भरायची होती आणि काय लिहावं ते सुचत नव्हतं. मीच म्हटलं, "मी कुणाकुणाला प्रश्न विचारते ते मांड." तिने वर्गाचा नकाशा काढला. बाकांच्या जागी चौकोन, एक प्रश्न म्हणजे एक रेघ, चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. तास संपल्यावर वही बघितली तर पुढच्या दोन बाकांवर रेघांची झुडपं उगवलेली. मागच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी, द्राक्षबागेत सालाने राहिलेल्या मजुरांची पाच मुलं बसायची. त्या कोपऱ्यात एकच रेघ. कुठला प्रश्न तो, म्हणून तिला विचारलं. ती जरा अवघडून म्हणाली, "तुम्ही विचारलंत ना मॅडम, तिकडे काय चाललंय रे, तो."

मी काही वाईट बाई नव्हते. सगळ्या जयंत्या मनापासून साजऱ्या करायचे, रोज "सारे भारतीय माझे बांधव आहेत" म्हणून घ्यायचे, जातीवरून कुणाला कधी बोलले नाही. तरी त्या नकाशात कोण दिसत होतं आणि कोण नव्हतं, ते कुणालाही कळलं असतं. वर्गातल्या न्यायाबद्दल आपण बोलतो तेव्हा डोळ्यांपुढे छडी मारणारा किंवा जातीवरून टोमणे मारणारा मास्तर येतो. असे मास्तर आहेतच. पण बराचसा अन्याय चांगल्या माणसांच्या हातून, सवयीने, वेळापत्रकात आणि यादीत बसून होतो. त्याला दुष्ट हेतू लागत नाही.

प्रशिक्षणात या विषयाचे तीन शब्द हमखास फळ्यावर येतात: समानता, समन्याय, समावेशन. दुपारच्या चहापर्यंत तिन्ही एकच वाटायला लागतात. आमच्या भागातल्या बागाईतदाराला मात्र पहिल्या दोघांतला फरक सांगावा लागत नाही. त्याच्या बागेचा एक तुकडा मुरमाड आणि एक काळ्या मातीचा असेल, तर तो दोन्हीकडे ड्रिप सारख्या वेळापत्रकाने चालवत नाही. मुरमाला थोडं थोडं आणि वारंवार पाणी लागतं, काळी माती पाणी धरून ठेवते. दोन्हीकडे सारखं सोडलं तर ती समानता झाली, आणि मुरमातल्या वेली वाळल्या. वेलीची गरज बघून सोडलं तर तो समन्याय. समावेशन याहून वेगळं आहे. मूल वर्गात नुसतं बसलेलं असणं वेगळं आणि वर्ग त्याला धरून चाललेला असणं वेगळं. पट भरला, हजेरी लागली, खिचडी खाल्ली, आणि मूल दिवसभर एक अक्षर बोललं नाही, तर कागदावर ते शाळेत होतं एवढंच.

रेघांकडे परत येते, कारण त्यांच्यामागे एक कारण होतं जे मला फार उशिरा कळलं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांमधली ध्वनिमुद्रणं ऐकून एक साधी गोष्ट मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतो? साधारण एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर तो दुसऱ्याला विचारतो, नाहीतर स्वतःच सांगून टाकतो. हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरं लांब होतात, "माहीत नाही" कमी होतं, आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात. करून बघा. प्रश्न विचारा आणि मनात "एक गोदावरी, दोन गोदावरी, तीन गोदावरी" म्हणा. वर्गासमोर उभ्या असलेल्या माणसाला ते तीन सेकंद तीन मिनिटांसारखे वाटतात. मला पहिल्या दिवशी घाम फुटला होता.

आता एक सेकंदात कोण उत्तर देतं ते बघा. ज्याच्या घरात पुस्तकातलीच मराठी बोलतात, ज्याचा ताई-दादा शिकवणीला जातो, ज्याला चुकल्यावर हसतील ही भीती नाही, ते मूल. मागच्या कोपऱ्यातली माझी मुलं घरी कोकणा बोलायची. (समुद्राकाठच्या कोकणीशी गल्लत करू नका, ही सुरगाणा-पेठ-डांगकडची बोली.) माझा प्रश्न ऐकायचा, घरच्या भाषेत आणायचा, उत्तर शोधायचं, ते बाईंच्या भाषेत फिरवायचं आणि मग हात वर करायचा, एवढी कामं त्यांच्या वाट्याला. तोपर्यंत पुढच्या बाकावरून "बाई, मी सांगू? बाई, मी!" झालेलं असायचं. मी त्यांना मंद समजत होते. ती माझ्यापेक्षा एक भाषा जास्त चालवत होती.

यात अपेक्षेचीही भर पडते. 1968 साली रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. शिक्षकांना काही मुलांची नावं देऊन सांगितलं की चाचणीनुसार ही मुलं यंदा भराभर पुढे जाणार. नावं खरं तर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कशीही निवडली होती. वर्षाअखेरीस खालच्या इयत्तांमध्ये त्या मुलांनी खरोखरच जास्त मजल मारलेली दिसली. या प्रयोगावर पुढे पुष्कळ वाद झाले, परिणाम सांगतात तेवढा मोठा नसतो असंही दाखवलं गेलं. पण ज्याच्याकडून आशा आहे त्याच्यासाठी मास्तर दोन क्षण जास्त थांबतो, हे कुठल्याही शाळेत मागच्या बाकावर बसून बघता येतं.

भाषेबद्दल अजून थोडं. दिंडोरीला यायच्या आधी मी बागलाणात होते. तिथे दुसरीतला एक मुलगा वही घेऊन माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "बाई, माले समजनं नही." मी म्हटलं, "मला समजलं नाही, असं म्हण." त्याने तसं म्हटलं. मग मी म्हटलं, "शाब्बास," आणि तो जागेवर जाऊन बसला. काय समजलं नव्हतं ते तसंच राहिलं! शंका घेऊन आलेल्या मुलाला मी व्याकरण देऊन परत पाठवलं, आणि त्यानंतर तो वही घेऊन आला नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत बहिणाबाईंच्या खानदेशी ओव्या चालतात, त्यांवर आपण रसग्रहण लिहून घेतो, आणि त्याच वळणाचं वाक्य पोराच्या तोंडून आलं की ते "अशुद्ध" होतं. प्रमाण मराठी शिकवायला हवीच, तिच्यावाचून पुढे अडतं. पण आधी शंका ऐकायची, तिचं उत्तर द्यायचं आणि मग बोलता बोलता प्रमाण रूप आपण वापरायचं. मूल उचलतं. शिक्षणाचं माध्यम शक्यतोवर मातृभाषा असावं असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 सांगतं, 2020 चं राष्ट्रीय धोरण किमान पाचवीपर्यंत तेच सुचवतं. पण मातृभाषा म्हणजे मराठी असं आपण धरून चालतो, आणि सुरगाण्यातल्या मुलाला ते लागू पडत नाही.

नाशिक जिल्ह्यात न्यायाचा सगळ्यात अवघड प्रश्न कॅलेंडरचा आहे. शाळेचं वर्ष जूनपासून. द्राक्षाची फळछाटणी दसरा-दिवाळीच्या आसपास जोरात येते. त्या सुमारास पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडकडे उतरतात. मग शेंडा मारणं, विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. काही कुटुंबं ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसं असतील तर मूल गावात राहतं, नसतील तर आईबापाबरोबर निघतं. म्हणजे दुसरं सत्र सुरू होतं तेव्हा मूल गेलेलं आणि परीक्षेच्या तोंडावर परत आलेलं. त्या काळात वर्गात अपूर्णांक शिकवून झालेले असतात. एप्रिलमध्ये त्याच्यासमोर सगळ्यांसारखीच प्रश्नपत्रिका ठेवतात. बघायला किती समान!

कायदा इथे पुष्कळ काही म्हणतो, आणि पालकांना ते कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शिक्षणाचा हक्क (आरटीई) 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे, कायदा 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. कलम 4 नुसार शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाच्या इयत्तेत बसवायचं आणि राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं. दहा वर्षांच्या पोराला पहिलीत लहानग्यांबरोबर बसवायचं नाही. कलम 5 तर प्रत्येक बागेच्या फाटकावर लावावं असं आहे. मूल दुसऱ्या शाळेत जात असेल तर मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. "आधी दाखला आणा, मग बघू," हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, शिक्षकांच्या खोलीत, चहा पिता पिता. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, गावातच राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, शाळाबाह्य मुलं शोधायला बालरक्षक शिक्षक आहेत. जिथे मुख्याध्यापकाने मनावर घेतलं आणि मुकादमाचा फोन नंबर जवळ ठेवला तिथे हे चालतं, नाहीतर कार्ड कपाटात पडून राहतं. माझ्या ओळखीच्या एका गुरुजींची रीत साधी होती. टोळी निघायच्या आदल्या दिवशी ते मुलाच्या वहीत शेवटच्या धड्याचं पान दुमडून द्यायचे आणि परत आल्यावर तिथूनच सुरू करायचे. इतर मुलं कुठवर पोहोचली ते बघायचेच नाहीत.

आता यादी. शाळेत याद्या फार. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की वर्गात आवाज यायचा, "बीसी मुलं उभी राहा." बीसी म्हणजे मागासवर्गीय. काम लवकर उरकावं एवढाच हेतू. पण त्या एका मिनिटात चाळीस मुलांना कळतं की कोण कोण आहे, आणि काही मुलांना स्वतःबद्दलही ते तेव्हाच कळतं. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना बसायला गोणपाट घरून न्यावं लागे आणि शिपायाने वरून ओतलं तरच पाणी मिळे, हे आपण शिकवतो. गोणपाट गेला आणि उभं राहणं राहिलं. उपाय फुकटाचा आहे. हजेरी घेताना अर्ज वहीत घडी घालून द्यायचा, पालकांना फोन करायचा. वेळ जरा जास्त लागतो.

शहरात याचं दुसरं रूप दिसतं. निवृत्तीनंतर मी नाशिकला राहते. पंचवटीतले एक रिक्षावाले भाऊ मुलाचा अर्ज भरायला माझ्याकडे यायचे, त्याचा 25 टक्क्यांत एका इंग्रजी शाळेत नंबर लागला. कलम 12 प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळांनी पहिल्या वर्गातल्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, फी सरकार भरणार. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये हे वैध ठरवलं. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. भाऊंना हे सगळं पाठ होतं, वकिलासारखं. त्यांची तक्रार वेगळी होती. "ताई, फी नाय हो, पण गॅदरिंगचा ड्रेस, सहल, बस, ते कोण देणार? आणि आमचा व्हॉट्सॲप ग्रुप पण वेगळा केलाय. आरटीई पॅरेंट्स." जागा मिळाली होती आणि दारावर वेगळी पाटीही लागली होती. शिवाय हा हक्क आठवीपर्यंतच. नववीला पूर्ण फी समोर येते तेव्हा मूल चौदा-पंधरा वर्षांचं असतं, मित्र तिथले, भाषा तिथली. या गाठीचं उत्तर आज तरी कायद्यात नाही.

या मुलांमुळे "आमच्या मुलांचा दर्जा घसरतो" हे मी गंगापूर रोडच्या बागेतल्या बाकांवर पुष्कळदा ऐकते. दर्जा कशाने घसरतो यावर माझं मत आहे, पण ते बाकावरच सांगते.

अपंग मुलांबद्दल थोडक्यात. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यांत अध्ययन अक्षमता आणि कमी दिसणं हेही येतं. दहावीला लेखनिक, वाढीव वेळ या सवलती मिळतात. त्या मागायला प्रमाणपत्र लागतं आणि ते नववीच्या शेवटी धावपळ करून काढण्यापेक्षा आधी काढलेलं बरं. बाकी वर्गात बरंच काही बाक हलवून होतं. माझ्या वर्गातली एक मुलगी फळ्यावरचं चुकीचं उतरवायची. फळ्यावर दारातून उजेड पडत होता, एवढंच. बाक भिंतीकडे सरकवला आणि अर्ध्या चुका गेल्या.

सामाजिक बदल शिकवण्याचं मात्र तसं बाक सरकवून भागत नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तो वर्षानुवर्षं चालवणारे कर्मवीर दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, म्हणजे माझ्या शाळेच्या तालुक्यातले. 13 ऑक्टोबर 1935 ची येवल्याची धर्मांतराची घोषणाही याच जिल्ह्यातली. एवढं सगळं उशापायथ्याशी असताना आपण ते एका परिच्छेदात उरकतो. मी शिकवायला लागले तेव्हा म्हटलं, "काही लोकांना मंदिरात जाऊ देत नव्हते." आणि वर्गातल्या बऱ्याच माना एका मुलाकडे वळल्या. तो पुस्तकात बघत होता. ज्याच्या पणजोबांनी मार खाल्ला त्यालाच मान खाली घालावी लागली, माझ्या वाक्यामुळे.

पुढच्या वर्षी मी धडा उलटा धरला. दार कुणी बंद केलं होतं? कुलूप कुणी लावलं? त्या माणसाला काय वाटत असेल, कसली भीती असेल? बाहेर बसलेल्यांनी दगड का नाही उचलले, किती वर्षं धीर धरला? मुलं बोलायला लागली, भांडली, आणि कुणाची मान कुणाकडे वळली नाही, कारण प्रश्न दार लावणाऱ्याबद्दल होता. एकाने विचारलं, "बाई, आमच्या गावात अजून पण विहिरीवर..." आणि थांबला. मी तीन सेकंद थांबले. त्याने पुढचं सांगितलं. ते इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे.

पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगते. सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. बैठकीचं इतिवृत्त घरोघर सह्या घेऊन पूर्ण होतं हे आपल्याला ठाऊक आहे. सही करायच्या आधी वाचायला मागा.

शेवटी झाडूचं सांगते. आमच्या शाळेत वर्ग मुली झाडायच्या, बाक मुलगे उचलायचे. हजेरीपटातही आधी मुलगे आणि मग मुली. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या चित्रात बाईबरोबर पुरुषही भाजी निवडताना दिसला, तर त्याची बातमी झाली होती, यावरून काय ते समजा. मी हजेरी क्रमांकाने पाळी लावली, त्यात सगळे आले. तिसऱ्या दिवशी एक पालक दारात. "बाई, आमचा पोरगा शाळेत झाडू मारायला येतो का?" मी काही बाणेदार बोलले नाही. मुख्याध्यापकांनी मध्ये पडून तडजोड केली: वर्ग मुली झाडतील, मैदान मुलगे झाडतील. दोघांनाही काम, म्हणजे समानता. मलाही ते पटलं आणि मी तक्ता तसा लिहून भिंतीला लावला.

आठवड्याने पाचवीतली एक मुलगी तक्त्यापाशी उभी होती. बोटांवर काहीतरी मोजत होती. मला म्हणाली, "बाई, मैदान शनिवारीच झाडतात. वर्ग आम्ही सहा दिवस झाडतो."

तिच्या प्रगतिपुस्तकात गणितापुढे मी "सराव आवश्यक" असं लिहिलं होतं.